विश्लेषण : सोन्याची खाण, पण कठडाच नाही! ‘मारिओ कार्ट’मधील ‘वारिओज गोल्ड माइन’ची एवढी धास्ती का?

‘मारिओ कार्ट’ हा निन्टेन्डो कंपनीचा छोट्या गाड्यांच्या शर्यतीचा व्हिडीओ गेम. त्यातील काही ट्रॅक सुंदर म्हणून लक्षात राहतात, काही संगीतामुळे. ‘वारिओज गोल्ड माइन’ मात्र लक्षात राहतो तो दरीत कोसळल्यामुळे. २००८ मध्ये आलेला हा ट्रॅक सहा वर्षांनी नव्या गेममध्ये परतला आणि २०१७ नंतर तर त्यात पडण्याची सक्तीही उरली नाही. खाणीत धोकाच नसेल तर ती खाण राहते का, आणि धोका ठेवला तर ती खेळायची कोणी, हा प्रश्न या एका ट्रॅकमुळे नीट समजून घेता येतो.

हा ट्रॅक नेमका कसा आहे?

‘मारिओ कार्ट वी’ हा गेम एप्रिल २००८ मध्ये निन्टेन्डोच्या ‘वी’ या कन्सोलसाठी आला. त्यात एकूण ३२ ट्रॅक होते, १६ नवे आणि १६ मालिकेतील जुन्या गेममधून आणलेले. चार-चार ट्रॅकचा एक कप, असे आठ कप. नव्या ट्रॅकपैकी ‘वारिओज गोल्ड माइन’ हा ‘फ्लॉवर कप’मधील चौथा, म्हणजे शेवटचा.

शर्यत सुरू होते ती उघड्यावर, डोंगराच्या अंगावर. पायाखाली डांबर नाही, तर लाकडी फळ्या आणि त्यांवर रूळ. थोड्याच वेळात रस्ता एकदम खाली झेपावतो आणि गाडी खाणीच्या पोटात शिरते. आत अंधार, त्यात चमकणारे सोने, वटवाघळांचे थवे आणि सर्वांत त्रासदायक म्हणजे रुळांवरून धावणारे खाणीतील डबे. हे डबे तुमच्यासाठी थांबत नाहीत. आपण वळण घेण्याच्या नादात असताना डबा समोर आला, की तो चुकवण्यासाठी स्टिअरिंग वळवावे लागते. आणि ज्या बाजूला वळवावे त्या बाजूला बऱ्याचदा कठडा नसतो. या ट्रॅकची सारी गंमत आणि सारा मनस्ताप या एका वाक्यात आला.

त्यातच हा कपमधील शेवटचा ट्रॅक. चारही शर्यतींचे गुण एकत्र मोजले जातात. या गेममध्ये पहिल्याला १५ गुण, दुसऱ्याला १२ आणि शेवटच्या, बाराव्या क्रमांकाला शून्य. आधीच्या तीन शर्यतींत आघाडी घेतलेला खेळाडू इथे शेवटच्या फेरीत घसरला, की हातातला कप गेलाच. घरात चार जण एकाच टीव्हीवर चौकोन वाटून खेळत असतील, तर या क्षणी जो आरडाओरडा होतो तो शेजाऱ्यांनाही कळतो.

खाण वारिओच्याच नावावर का?

वारिओ हा मारिओचा वाईट जुळा म्हणावा असा. १९९२ मध्ये ‘गेम बॉय’वरील ‘सुपर मारिओ लँड २’मध्ये तो पहिल्यांदा अवतरला. जपानी भाषेत ‘वारुई’ म्हणजे वाईट. मारिओच्या नावाला ते जोडून वारिओ झाला. मारिओ राजकन्येला सोडवायला निघतो, वारिओ पैसा गोळा करायला. पुढे त्याला स्वतःची ‘वारिओ लँड’ ही मालिका मिळाली, तिचाही गाभा खजिना हाच. त्यामुळे सोन्याची खाण कोणाची, हे वेगळे सांगायला लागत नाही. जपानी आवृत्तीत या ट्रॅकचे नाव ‘वारिओ कोझान’ आहे. ‘कोझान’ म्हणजे खाण. सोन्याचा उल्लेखही नाही. मालकाचे नाव पुरेसे आहे.

गंमत अशी, की २००८ च्या गेममध्ये या खाणीतील एक तोळाही सोने हाती लागत नव्हते. ‘मारिओ कार्ट वी’च्या शर्यतींमध्ये नाणी गोळा करण्याची सोयच नव्हती. चहूकडे सोने लखलखते आहे आणि आपण त्याच्या बाजूने नुसते सुसाट जातो आहोत. कंजूष मालकाच्या घरी जेवायला गेल्यासारखेच ते.

आधीच्या गेममध्ये अशी खाण का नव्हती?

मालिकेतला पहिला गेम ‘सुपर मारिओ कार्ट’ १९९२ चा. त्या काळच्या कन्सोलमध्ये ‘मोड सेव्हन’ नावाची युक्ती वापरली जाई. एक सपाट चित्र घेऊन ते अशा रीतीने तिरके करायचे आणि फिरवायचे, की पाहणाऱ्याला जमीन लांबवर पसरल्याचा भास व्हावा. सतरंजीवर डोळा टेकवून पाहिले तर जसे दिसेल तसे. पण सतरंजीला चढ-उतार नसतात. त्या गेममधील सगळे ट्रॅक सपाट होते. जमिनीला भोक पडल्याचे दाखवता येई, पण डोंगरावरून पाताळात जाणारा रस्ता दाखवता येत नसे. १९९६ च्या ‘मारिओ कार्ट ६४’पासून खरे चढ-उतार आले आणि मग डोंगर, दऱ्या, पूल यांची दारे उघडली. खाण ही मुळात उंची-खोलीची गोष्ट. तिला थांबावेच लागले. खाणीत शर्यत लावण्याची कल्पना मात्र निन्टेन्डोची एकट्याची नव्हे. प्लेस्टेशनवरील ‘क्रॅश टीम रेसिंग’ या १९९९ च्या गेममध्ये ‘ड्रॅगन माइन्स’ नावाचा ट्रॅक होताच.

कठडा नसल्याने खेळ कसा बदलतो?

कठडा असलेल्या ट्रॅकवर चुकीची किंमत थोडी असते. गाडी भिंतीला घासते, वेग कमी होतो, पुन्हा सुरुवात. काही वेळा तर हुशार खेळाडू भिंतीचा आधार घेऊन वळण काढतात. कठडा काढून टाकला, की प्रत्येक वळण हा निर्णय होतो. पडल्यावर लाकिटू नावाचे ढगावर बसणारे कासव आपल्याला उचलून पुन्हा रस्त्यावर ठेवते, पण तोपर्यंतचे काही सेकंद हात चोळत बसावे लागते. बाकीचे अकरा जण मात्र थांबलेले नसतात.

‘मारिओ कार्ट वी’मध्ये तीन गोष्टींमुळे हे अधिक तीव्र झाले. पहिली म्हणजे मोटरसायकल. मालिकेत दुचाकी पहिल्यांदा याच गेममध्ये आली. पुढचे चाक उचलून, म्हणजे व्हीली करून, ती सरळ रस्त्यावर जास्त वेग घेते. पण चाक उचललेले असताना ती धड वळत नाही आणि तेवढ्यात कोणी धक्का दिला तर डगमगते. रुंद महामार्गावर हा फायद्याचा सौदा आहे. खाणीतल्या बिनकठड्याच्या फळ्यांवर तो जुगार होतो. त्या गेमचे अनेक पट्टीचे खेळाडू दुचाकीच निवडत, म्हणजे हा जुगार त्यांना फेरीत अनेकदा खेळावा लागे.

दुसरी गोष्ट वजन. या गेममध्ये पात्रे लहान, मध्यम आणि मोठी अशा तीन गटांत विभागलेली आहेत. जड पात्र हलक्याला धडकले तर हलके जास्त लांब फेकले जाते. इतरत्र याने फारसे बिघडत नाही. इथे मात्र लांब फेकले जाणे म्हणजे थेट खाली. आणि मोठ्या गटात कोण आहे? स्वतः वारिओ. आपल्याच खाणीत तो पाहुण्यांना कोपर मारून दरीत ढकलू शकतो. रचनाकारांनी हे मुद्दाम जुळवून आणले असो वा नसो, खेळताना ते अगदी चपखल बसते.

तिसरी गोष्ट ड्रिफ्टची. वळणावर गाडी घसरवत नेली, की चाकांखाली ठिणग्या उडतात आणि ड्रिफ्ट सोडताच वेगाचा झटका मिळतो. जितका जास्त वेळ घसरवाल तितके बरे. पण घसरवणे म्हणजे कडेच्या जवळ जाणे. भित्रा खेळाडू कडेपासून दूर राहतो, पडत नाही आणि हरतो. धाडसी खेळाडू कडेला चाटून जातो, कधी जिंकतो, कधी लाकिटूच्या हाती लागतो. चांगल्या ट्रॅकची हीच खूण : धोका कुठे आहे हे आधीपासून डोळ्यांसमोर दिसते. निळे शंख मागून येऊन अचानक आदळते तेव्हा नशिबाला बोल लावता येतो. खाणीत पडल्यावर बोल स्वतःलाच लावावा लागतो. म्हणूनच या ट्रॅकबद्दल तक्रार करणारे खेळाडू तो पुन्हा पुन्हा खेळतात, असे मला वाटते.

खाणीतल्या डब्यांना थराराशी कोणी जोडले?

हा प्रश्न व्हिडीओ गेमपेक्षा खूप जुना आहे. जर्मन विद्वान गेओर्ग आग्रिकोला यांचा खाणकामावरील लॅटिन ग्रंथ १५५६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात लाकडी फळ्यांवरून ढकलायच्या खाणगाडीचे वर्णन आहे. गाडीच्या तळाला एक खुंटी असे आणि ती दोन फळ्यांमधल्या फटीतून सरकत असे, म्हणजे गाडी वाट सोडत नसे. चालताना तिचा आवाज कुत्र्याच्या भुंकण्यासारखा येई, म्हणून खाणकामगार तिला ‘कुत्रा’च म्हणत. (या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १९१२ मध्ये एका खाण अभियंत्याने पत्नीसह केले, तो अभियंता म्हणजे पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले हर्बर्ट हूव्हर.) वारिओच्या खाणीतल्या फळ्या आणि त्यांवरचे डबे यांची वंशावळ तिथपर्यंत जाते.

पण ‘कुत्रा’ कोणी मौजेसाठी ढकलत नव्हते. मौजेची सुरुवात झाली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात, मॉक चंक या गावी. (आज त्या गावाचे नाव जिम थॉर्प आहे, एका धावपटूच्या स्मरणार्थ.) डोंगरावर कोळसा, खाली नदी. १८२७ मध्ये दोहोंमध्ये सुमारे नऊ मैलांचा रूळमार्ग घातला गेला. कोळशाने भरलेले डबे इंजिनाशिवाय, केवळ उताराच्या जोरावर खाली येत आणि खेचरे रिकामे डबे ओढून पुन्हा वर नेत. खाली येताना खेचरेही डब्यात बसूनच येत. या ऐटीची त्यांना इतकी सवय झाली, की पुढे ती पायी उतरायला तयार होत नसत, असे सांगितले जाते. उतरायला साधारण अर्धा तास, चढायला तीन-चार तास. हळूहळू लोकांच्या लक्षात आले, की कोळशासारखेच आपणही या डब्यात बसून खाली येऊ शकतो, आणि त्यात मजा आहे. कोळशाची वाहतूक दुसऱ्या मार्गाने होऊ लागल्यावर हा रूळमार्ग पूर्णपणे पर्यटकांचा झाला.

१८८४ मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंड येथे लामार्कस थॉम्पसन यांनी पाच सेंट घेऊन लोकांना उतारावरच्या गाडीत बसवायला सुरुवात केली. वेग ताशी सहा मैल, म्हणजे सायकलवाला सहज मागे टाकेल इतका. तरी रांगा लागल्या. आजच्या रोलर कोस्टरचा हा पूर्वज, आणि त्याच्या मागे उभी होती मॉक चंकची कोळशाची गाडी. पुढे मनोरंजन उद्यानांनी खाणीचे रूप उघडपणे परत आणले. टेक्सासमध्ये १९६६ साली ‘रनअवे माइन ट्रेन’ सुरू झाली आणि १९७९ मध्ये डिस्नेलँडमध्ये ‘बिग थंडर माउंटन’. ताबा सुटलेली खाणगाडी हे आता ओळखीचे दृश्य झाले होते.

चित्रपटाने ते घरोघरी पोहोचवले. १९८४ च्या ‘इंडियाना जोन्स अँड द टेम्पल ऑफ डूम’मधील डब्यांचा पाठलाग अनेकांना आठवत असेल. कथा १९३५ च्या भारतातली, खलनायक मोला राम झाले होते अमरीश पुरी. पटकथेवर भारत सरकारने आक्षेप घेतल्याने चित्रीकरण श्रीलंकेत गेले. त्या पाठलागातील बराच भाग लहान प्रतिकृती बनवून टिपलेला आहे, तरी पाहताना खुर्चीचे हात घट्ट धरले जातात. दहा वर्षांनी, १९९४ मध्ये, ‘डाँकी काँग कंट्री’ या गेमने ‘माइन कार्ट कार्नेज’ ही पातळी आणली. तुटलेल्या रुळांवरून उड्या मारत जाणारा डबा, आणि उडी क्षणभर चुकली की खाली. वारिओच्या खाणीने या परंपरेत एक गोष्ट उलटी केली. आधी आपण डब्यात बसलेले असायचो. इथे डबे वेगळे आणि आपण वेगळे. डबा रुळाला बांधलेला आहे, म्हणून तो कधी पडत नाही. पडतो तो मोकळा असलेला गाडीवान.

खरी सोन्याची खाण अशी असते का?

अजिबात नाही. खडकात सोने असते ते टनामागे काही ग्रॅम. डबे भरभरून लखलखते सोने निघत नाही, निघतो तो दगड, आणि तो दळून, रसायने वापरून सोने वेगळे करावे लागते. भारतीय वाचकाला जवळचे उदाहरण म्हणजे कर्नाटकातील कोलार गोल्ड फील्ड्स. २००१ मध्ये बंद झालेल्या या खाणी तीन किलोमीटरहून खोल गेल्या होत्या. तिथे माणसे उतारावरून सुसाट जात नसत, तर पाळण्यातून सरळ खाली उतरवली जात. तळाशी खडकाचे तापमान ६० अंशांच्या वर, आणि दाबाने खडक अचानक फुटण्याची टांगती तलवार. तिथला धोका दिसत नसे. वारिओच्या खाणीत तो दिसतो, म्हणूनच तिचा खेळ होऊ शकतो.

२०१४ मध्ये ट्रॅक परतला तेव्हा काय बदलले?

२० मे २०१४ रोजी निन्टेन्डोने ‘वी’ कन्सोलची अधिकृत ऑनलाइन सेवा बंद केली. जगभरच्या अनोळखी खेळाडूंसोबत मूळ खाणीत शर्यत लावण्याचा अधिकृत मार्ग त्या दिवशी संपला. (चाहत्यांनी स्वतःचे सर्व्हर उभारून खेळ चालू ठेवला, ही गोष्ट वेगळी.) त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, ‘वी यू’ कन्सोलवरील ‘मारिओ कार्ट ८’च्या पहिल्या विकतच्या जोडपुरवणीत ‘वारिओज गोल्ड माइन’ परत आला. या वेळी तो ‘ट्रायफोर्स कप’मधील पहिला ट्रॅक होता. म्हणजे शेवटच्या निर्णायक जागेवरून थेट सलामीला. ही बढती म्हणायची की पदावनती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

सर्वांत सूचक बदल नाण्यांचा. ‘मारिओ कार्ट ८’मध्ये रस्त्यावर नाणी पडलेली असतात आणि दहा नाण्यांपर्यंत प्रत्येक नाण्याने गाडीचा कमाल वेग किंचित वाढतो. म्हणजे सोन्याच्या खाणीत अखेर सोने मिळू लागले. पण दरीत पडलात तर तीन नाणी जातात. पूर्वी पडल्यावर वेळ जात असे, आता वेळ आणि पैसा दोन्ही. वारिओला हा नियम नक्कीच पटला असता. पुढे एप्रिल २०१५ मध्ये ‘२०० सीसी’ हा अतिवेगवान गट मोफत आला. तोवर या मालिकेत ब्रेकचे बटण बरेच जण विसरलेच होते. २०० सीसीवर खाणीतून जाताना ते शोधावे लागते.

मग ‘स्मार्ट स्टिअरिंग’वर वाद कशाचा?

एप्रिल २०१७ मध्ये ‘स्विच’ कन्सोलवर ‘मारिओ कार्ट ८ डिलक्स’ आला. आजवर त्याच्या सहा कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या आहेत आणि त्यात ही खाण सुरुवातीपासूनच आहे. सोबत आले ‘स्मार्ट स्टिअरिंग’. ही सोय चालू असली, की गाडीच्या मागे छोटी अँटेना दिसते आणि गाडी कडेकडे जाऊ लागली की गेम स्वतःच तिला आत वळवतो. जोडीला ‘ऑटो अ‍ॅक्सिलरेट’ चालू केले तर वेगाचे बटणही दाबून धरावे लागत नाही. सुरुवातीला स्मार्ट स्टिअरिंग चालूच असते. नको असेल तर बंद करावे लागते.

खाणीच्या दृष्टीने पाहिले तर हा अदृश्य कठडा आहे. जी एक गोष्ट काढून टाकल्याने ट्रॅक घडला, तीच परत लावली गेली. जुन्या खेळाडूंची नाराजी समजण्यासारखी आहे. ज्या वळणावर वर्षानुवर्षे पडून पडून हात बसवला, तिथून पाच वर्षांचा पोरगा कंट्रोलर उलटा धरून सहीसलामत बाहेर पडतो!

पण त्या पोराच्या बाजूनेही पाहायला हवे. कठडा नसलेल्या खाणीत तो पूर्वी काय करत होता? पडत होता. उचलला जात होता, पुन्हा पडत होता, आणि दुसऱ्या फेरीत कंट्रोलर मोठ्या भावाच्या हाती देत होता. हीच गोष्ट आजीची, आणि हीच गोष्ट ज्यांच्या हातांची हालचाल मर्यादित आहे त्यांची. अशा खेळाडूंसाठी ही सोय नसेल तर हा ट्रॅक अवघड नाही, बंदच आहे. एका खोलीत बसून सर्वांनी खेळायचा गेम म्हणून ज्याची ओळख, त्यात चारपैकी एक जण प्रत्येक वळणावर दरीत असेल तर ती शर्यत तिघांचीच.

शिवाय निन्टेन्डोने ही मदत फुकट दिलेली नाही. स्मार्ट स्टिअरिंग चालू असताना काही जवळच्या वाटा घेता येत नाहीत, कारण गेमच्या लेखी तीही कड असते. ड्रिफ्टचा सर्वांत मोठा झटकाही मिळत नाही. त्यामुळे मदत घेणारा शर्यतीत टिकतो; निष्णात खेळाडूला हरवायचे तर त्याला कधी तरी ती बंद करावी लागते. माझ्या मते हा तोडगा योग्य आहे. आक्षेप घ्यायचाच तर तो सोय सुरुवातीपासून चालू ठेवण्यावर घ्यावा. अनेक नव्या खेळाडूंना आपल्या गाडीला अँटेना आहे आणि तिचा अर्थ काय हेच ठाऊक नसते. त्यांना वाटते आपणच इतके छान चालवतो. ती बंद करण्यासाठी शर्यत थांबवून ‘प्लस’चे बटण दाबायचे आणि मग ‘एल’. परत चालू करायचीही कृती तीच. धाकट्याने पहिल्यांदा ती बंद करून खाणीच्या उतारावर गाडी घातली, तर लाकिटूला मात्र तयार राहावे लागेल.